हेज फंडाच्या मुलाखतीची तयारी पाठांतराने होत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पानांवर गुंतवणूक व्यवस्थापनातील नोकऱ्यांविषयी मार्गदर्शन येते, याबद्दल आभार. मात्र हेज फंडांच्या (म्हणजे श्रीमंत व्यक्ती आणि संस्था यांचा पैसा समभाग, रोखे, चलने यांत गुंतवणाऱ्या खासगी फंडांच्या) मुलाखतींबाबत विद्यार्थ्यांच्या हाती जे पडते, ते बहुतेक वेळा संभाव्य प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे एवढेच असते. त्यापायी हुशार आणि कष्टाळू उमेदवार पहिल्या अर्ध्या तासातच मागे पडताना मी पाहत आले आहे. मी याच व्यवसायात विश्लेषक म्हणून काम करते आणि उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये माझा समावेश असतो. कोणत्याही फंडाची गोपनीय पद्धत उघड न करता, कुठेही अर्ज करणाऱ्याला उपयोगी पडेल असे काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

विश्लेषकाचे काम असे असते. बाजाराने एखाद्या समभागाला, रोख्याला किंवा चलनाला जी किंमत लावली आहे ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे शोधायचे, आपले मत त्यांच्याशी का जुळत नाही हे पुराव्यानिशी मांडायचे, आणि आपण चुकलो तर नुकसान किती होईल याचा हिशेब आधीच करून ठेवायचा. मुलाखतीत हेच काम लहान प्रमाणावर करून दाखवायचे असते. पाठ केलेले उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरते, दुसऱ्याला कसेबसे टिकते आणि तिसऱ्याला कोसळते, कारण तिसरा प्रश्न कोणत्याच यादीत नसतो. तो उमेदवाराच्या दुसऱ्या उत्तरातून निघालेला असतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, शंभर प्रश्नांची उत्तरे तयार करण्याऐवजी एक किंवा दोन गुंतवणूक-कल्पना स्वतः मुळापासून अभ्यासाव्यात आणि त्यांची इतकी उलटतपासणी करावी की समोरच्याने कुठूनही विचारले तरी आपण त्या वाटेने आधी जाऊन आलेलो असू.

त्याआधी समोरचा फंड नेमके काय करतो हे समजून घ्यावे लागते, आणि पुष्कळांची गल्लत इथेच होते. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ साली पहिला हेज फंड सुरू केला तेव्हाची कल्पना सरळ होती. चांगले वाटणारे समभाग कर्जाऊ पैशाची जोड देऊन विकत घ्यायचे आणि कमकुवत वाटणारे समभाग उसने घेऊन विकायचे (आणि भाव पडल्यावर स्वस्तात विकत घेऊन परत करायचे), म्हणजे बाजार वर गेला काय किंवा खाली आला काय, फंडाचा नफा मुख्यतः निवडीच्या कौशल्यावर अवलंबून राहील. पुढे व्यवस्थापक म्हणून नफ्याचा २० टक्के हिस्सा मोबदला घेण्याची प्रथाही त्यांनी घातली. (जोन्स हे समाजशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले पत्रकार होते, हे वाणिज्येतर शाखांतून येणाऱ्या उमेदवारांनी अवश्य लक्षात ठेवावे.) आज त्याच नावाखाली एकमेकांशी फारसे साम्य नसलेले अनेक व्यवसाय चालतात. सिटाडेल, मिलेनियम, पॉइंट७२ यांसारख्या बहुव्यवस्थापक फंडांत अनेक छोटे गट स्वतंत्रपणे काम करतात, प्रत्येक गटाला ठरावीक भांडवल आणि तोट्याची कडक मर्यादा आखून दिलेली असते, समभागांवर काम करणाऱ्या गटांना बाजाराच्या एकूण दिशेचा परिणाम शक्य तितका काढून टाकावा लागतो, आणि पुढच्या तिमाही निकालांभोवतीच्या हालचालींना तिथे फार महत्त्व असते. मोजकेच समभाग घेऊन तीन-चार वर्षे थांबणाऱ्या फंडात मात्र उमेदवार पुढच्या तिमाहीविषयीच बोलत राहिला, तर त्याने त्या फंडाविषयी काही वाचलेले नाही हे लगेच कळते. ब्रिजवॉटरसारख्या मॅक्रो फंडात व्याजदर, महागाई, चलने आणि सरकारी धोरणे यांची साखळी जोडता यावी लागते. विलीनीकरणांवर सौदे करणाऱ्या फंडात नियामकांची मंजुरी मिळेल का, किती काळ लागेल आणि करार मोडला तर भाव कुठे जाईल, एवढ्याभोवतीच सगळी चर्चा फिरते. रेनेसान्स टेक्नॉलॉजीज्‌ या संख्यात्मक, म्हणजे गणिती सूत्रांवर सौदे करणाऱ्या फंडाचे संस्थापक जिम सायमन्स स्वतः गणितज्ञ होते आणि त्यांनी शेअर बाजाराचा अनुभव नसलेले गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ आवर्जून नेमले. अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्याने बाजाराच्या आवडीचे वर्णन करण्यात वेळ घालवू नये. संभाव्यता, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्के करावे.

समभागांवर काम करणाऱ्या फंडाच्या मुलाखतीत सर्वाधिक वजन असते ते स्टॉक पिचला, म्हणजे एखादा समभाग घ्यावा किंवा विकावा या उमेदवाराने मांडलेल्या शिफारशीला. उत्तम पिच कंपनीच्या इतिहासाने सुरू होत नाही. पहिल्या वाक्यातच शिफारस काय, आजचा भाव किती, आपल्या मते तो कुठे आणि केव्हापर्यंत जायला हवा, हे यावे. मग बाजार सध्या काय धरून चालला आहे, आपण कुठे आणि का वेगळे आहोत, हा फरक बाजाराच्या लक्षात कोणत्या घटनेमुळे येईल, आणि कोणती गोष्ट घडली तर आपण आपले मत सोडून देऊ, एवढे सांगावे. कंपनी चांगली आहे, व्यवस्थापन प्रामाणिक आहे, क्षेत्र वाढते आहे, ही विधाने खरी असली तरी त्यांतून शिफारस सिद्ध होत नाही. ती सर्वांनाच ठाऊक असतील तर त्यांचे मोल भावात आधीच मिसळलेले असते. ज्येष्ठ व्यवस्थापक मायकेल स्टाइनहार्ट बाजाराच्या सर्वमान्य मतापेक्षा वेगळ्या, पण पुराव्यावर उभ्या असलेल्या मताला सर्वाधिक महत्त्व देत, आणि बहुतेक पिच नेमक्या तिथेच लंगड्या पडतात. उमेदवाराला स्वतःचे मत सांगता येते. बाजाराचे मत मात्र सांगता येत नाही.

बाजाराचे मत शोधण्याचा एक जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. भाव ठरलेला धरावा आणि उलट दिशेने गणित करावे: आजच्या भावाचे समर्थन व्हायचे असेल तर पुढची काही वर्षे विक्री किती टक्क्यांनी वाढायला हवी, नफ्याचे प्रमाण किती राहायला हवे, वाढीसाठी किती भांडवल गुंतवावे लागेल? हे आकडे हाती आले की चर्चा मुद्द्यावर येते. 'भाव महाग वाटतो' असे म्हणण्याऐवजी 'या भावात सात वर्षे दरवर्षी १५ टक्के वाढ गृहीत धरली आहे आणि ती मला अशक्य वाटते, कारण तेवढे नवे ग्राहक या बाजारात शिल्लक नाहीत' असे उमेदवार म्हणू शकतो. त्यानंतर मुलाखत घेणारा वाद घालतो, आणि तो वाद घालू लागला की मुलाखत चांगली चालली आहे असे खुशाल समजावे.

कंपनी निवडतानाही विचार हवा. सर्वांच्या तोंडी असलेली महाकाय कंपनी निवडली, तर समोरच्या व्यक्तीने तिच्यावर उमेदवारापेक्षा कित्येक पट अधिक वेळ घालवलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि नवे सांगण्यासारखे काही उरत नाही. मी तरी उमेदवारांना मध्यम आकाराची, समजण्याजोगा व्यवसाय असलेली आणि दोन-तीन गोष्टींवरच जिचा नफा ठरतो अशी कंपनी घेण्यास सुचवते. तिचे गेल्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल, त्यातील टिपांसह, वाचावेत. व्यवस्थापनाने विश्लेषकांशी साधलेल्या तिमाही संवादांचे मजकूर वाचावेत, आणि दोन वर्षांपूर्वी दिलेली आश्वासने पाळली गेली का हे जुळवून पाहावे. प्रतिस्पर्ध्यांचे अहवालही वाचावेत, कारण एखाद्या कंपनीविषयीची अडचणीची माहिती पुष्कळदा तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्यात आढळते.

आता आकड्यांविषयी. समजा, समभाग १०० च्या भावाला आहे. आपला अंदाज खरा ठरला तर तो १४० वर जाईल आणि चुकला तर ८० वर येईल. अंदाज खरा ठरण्याची शक्यता ४० टक्के असेल, तर अपेक्षित मूल्य १०४ येते. ती शक्यता ३० टक्क्यांवर आली, की तेच मूल्य ९८ होते आणि सौदा तोट्याचा ठरतो. फायदा-तोटा समसमान होण्याचा बिंदू बरोबर एक-तृतीयांशावर आहे. हे गणित शाळकरी आहे, पण ते करून ठेवलेला उमेदवार विरळा. ज्याने केले आहे त्याच्या लक्षात येते की खरा वाद १४० बरोबर की १४५ यावर नसून, ४० टक्के आणि ३० टक्के यांतला फरक कोणत्या पुराव्याने दाखवायचा यावर आहे. त्याच्या पुढचा प्रश्न असतो, फंडाचा किती हिस्सा या कल्पनेवर लावाल? इथे केवळ आत्मविश्वासाचे प्रदर्शन करणारे उमेदवार अडखळतात. चुकीच्या बाजूचा तोटा २० टक्के असेल आणि या एका कल्पनेवर फंडाचे एक टक्क्याहून अधिक गमवायचे नसेल, तर हिस्सा ५ टक्क्यांपुढे नेता येत नाही, असे साधे आणि स्पष्ट उत्तरही पुरेसे असते.

विकण्याच्या बाजूचा, म्हणजे शॉर्टचा पिच तयार ठेवणे माझ्या मते अत्यावश्यक आहे, आणि तो खरेदीच्या पिचला उलटे केले की तयार होत नाही. विकत घेतलेला समभाग पडत जातो तेव्हा पोर्टफोलिओतील त्याचे वजन आपोआप घटते; उसना घेऊन विकलेला समभाग वर जातो तेव्हा मात्र तोट्याबरोबर त्याचे वजनही वाढत जाते. फंडाच्या ५ टक्क्यांइतका शॉर्ट सौदा असताना तो समभाग दुप्पट झाला, तर फंडाचे ५ टक्के जातातच, शिवाय तो सौदा उरलेल्या भांडवलाच्या १० टक्क्यांहून मोठा होऊन बसतो. उसने घेण्याचा खर्च किती, किती लोकांनी तोच सौदा केला आहे, बाजारात प्रत्यक्ष फिरणारे समभाग किती, ही माहिती उमेदवाराजवळ हवी. फोक्सवॅगनचे उदाहरण या संदर्भात मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये पोर्शेने जाहीर केले की त्यांच्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के समभाग असून आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन (म्हणजे त्या समभागांच्या भावाशी जोडलेले हक्काचे करार) आहेत. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होतेच. म्हणजे ज्यांनी समभाग उसने घेऊन विकले होते त्यांना परत करण्यासाठी बाजारात ६ टक्क्यांहूनही कमी समभाग उरले, आणि दोन दिवसांत भाव काही काळ १,००० युरोंच्या पुढे गेला. मोटार व्यवसायाविषयीचे ज्यांचे विश्लेषण अचूक होते, त्यांनीही त्या सौद्यात पैसे गमावले. २०२१ च्या जानेवारीत व्हिडिओ गेम विकणाऱ्या गेमस्टॉप कंपनीचा समभाग शॉर्ट केलेल्या मेल्विन कॅपिटल या हेज फंडाला जबर फटका बसला आणि पुढच्या वर्षी तो फंड बंद झाला, त्यामागेही गर्दीच्या, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी केलेल्या सौद्याचाच धोका होता.

हिशेबशास्त्राचे प्रश्न सोपे असतात, पण त्यांत क्षमा नसते. घसारा १० ने वाढला तर नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक आणि ताळेबंद या तिन्हींवर काय परिणाम होईल, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. कराचा दर २५ टक्के धरला, तर करपूर्व नफा १० ने घटतो, कर २.५ ने घटतो आणि निव्वळ नफा ७.५ ने कमी होतो. घसाऱ्यात रोख रक्कम जात नसल्याने रोख २.५ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी आणि रोख २.५ ने अधिक, म्हणजे एकूण मालमत्ता ७.५ ने घटते आणि भागधारकांचा निधीही तेवढाच घटतो. हे पाठ करणाऱ्याला पुढचा प्रश्न अडवतो: मग एखादी कंपनी घसाऱ्याची वर्षे वाढवते तेव्हा तिच्या नफ्याकडे कसे पाहाल? नफा वाढतो आहे आणि व्यवसायातून येणारी रोख मात्र वाढत नाही, येणे बाकी विक्रीपेक्षा वेगाने वाढते आहे, मालसाठा साचतो आहे, या खुणा ज्याला स्वतः अहवाल चाळताना दिसल्या आहेत त्याचे उत्तर वेगळे येते. काही तासांत एखाद्या अपरिचित कंपनीवर मत द्यायला सांगणारी लेखी परीक्षाही असते. तिथे कंपनीच्या भविष्यातील आकड्यांचे अवाढव्य मॉडेल उभारण्याच्या नादी लागू नये. नफा ठरवणाऱ्या दोन-तीन गोष्टी, त्यांच्यावर आधारलेला छोटा हिशेब आणि एक पान स्वच्छ मजकूर एवढे वेळेत पूर्ण करणाराच पुढच्या फेरीत जातो.

एका सवयीचा मी विशेष आग्रह धरेन, ती म्हणजे तारखेसह नोंदवही. कल्पना सुचली त्या दिवशीचा भाव, तर्क, अपेक्षित घटना आणि मत बदलण्याची अट लिहून ठेवावी, आणि नंतर काय घडले तेही त्याच पानावर लिहावे. मुलाखतीत 'तुमचा एखादा अंदाज कुठे चुकला?' असे जवळजवळ नेहमीच विचारतात, आणि त्या क्षणी जुळवून सांगितलेली कहाणी आणि खरी नोंद यांतला फरक लपत नाही. भाव वाढला पण आपण सांगितलेल्या कारणाने वाढला नाही, हे स्वतःहून सांगणाऱ्या उमेदवाराविषयी मुलाखत घेणाऱ्याच्या मनात चटकन विश्वास निर्माण होतो, कारण या व्यवसायात नशिबाला कौशल्य समजण्याइतके महाग काही नाही. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे १९९७ चे अर्थशास्त्रातील नोबेल विजेते होते. तरीही भरमसाट कर्जाच्या आधारावर उभे केलेले सौदे १९९८ मध्ये उलटले आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो सावरावा लागला. बुद्धिमत्तेने आपण सुरक्षित होत नाही, याची जाणीव मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला असते.

आता नेटवर्किंग कॉलविषयी, ज्यावर माझ्या मते सर्वांत कमी आणि सर्वांत चुकीचे लिहिले जाते. हेज फंडांतील पुष्कळ जागा जाहिरात न होता भरल्या जातात, त्यामुळे अनोळखी व्यावसायिकांशी फोनवर बोलण्याला पर्याय नाही. संकोची विद्यार्थ्यांना ही वशिल्याची वाट वाटते आणि ते मागे राहतात; धीट विद्यार्थी एकच मजकूर शेकडो जणांना पाठवतात. दोघांचेही नुकसान होते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांपैकी ५५.६ टक्के लोक त्या ओळखीच्या व्यक्तीला अधूनमधूनच भेटणारे होते, २७.८ टक्के क्वचित भेटणारे होते, आणि वारंवार भेटणारे केवळ १६.७ टक्के होते. जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी माहिती दूरच्या ओळखीतून येते. ज्याच्या घरात किंवा महाविद्यालयात या व्यवसायातले कोणीही नाही, त्याच्यासाठी ही मोठी आश्वासक गोष्ट आहे.

पहिला ईमेल चार-पाच ओळींचा असावा. आपण कोण, याच व्यक्तीला का लिहिले, पंधरा-वीस मिनिटे का हवी आहेत, आणि कोणत्या वेळा सोयीच्या आहेत (समोरच्याच्या वेळेनुसार लिहून), एवढे पुरे. 'याच व्यक्तीला का' या प्रश्नाचे उत्तर खरे असावे: तिने दिलेले एखादे व्याख्यान, फंडाने प्रसिद्ध केलेले गुंतवणूकदारांना उद्देशून लिहिलेले पत्र, किंवा तिने अभियांत्रिकीतून या व्यवसायात केलेला प्रवास. उत्तर आले नाही तर आठवड्या-दहा दिवसांनी एकदाच नम्र आठवण करावी आणि मग सोडून द्यावे. मौनात अपमान नसतो, बहुतेक वेळा तो निकालांचा हंगाम असतो.

कॉलआधी अभ्यास करताना एक सावधगिरी हवी. अमेरिकेत किमान १० कोटी डॉलरचे सूचीबद्ध समभाग हाताळणाऱ्या व्यवस्थापकांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत १३एफ नावाचे विवरणपत्र सादर करावे लागते आणि ते कोणालाही वाचता येते. ते जरूर वाचावे, पण त्यात शॉर्ट सौदे नसतात आणि माहिती जुनी झालेली असते, म्हणून 'तुमच्याकडे अमुक समभाग आहे' असे ठामपणे बोलू नये. सध्याच्या सौद्यांविषयी तर विचारूच नये, कारण समोरची व्यक्ती त्यावर बोलू शकत नाही आणि प्रश्नानेच अवघडून जाते. विचारण्यासारखे पुष्कळ आहे. कल्पना सुचल्यापासून ती पोर्टफोलिओत जाईपर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जाते? विश्लेषक आणि व्यवस्थापक यांचे मत जुळले नाही तर काय होते? पहिल्या वर्षात नव्या माणसावरचा विश्वास कशाने वाढतो, आणि कशाने एकदम उडतो? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही संकेतस्थळावर नसतात आणि ती द्यायला अनुभवी माणसांना मनापासून आवडते. बोलणे रंगले तर आपली कल्पना दोन मिनिटांत सांगून 'यात मी काय पाहायला विसरलो आहे?' असे विचारावे. पहिल्याच कॉलवर नोकरी मागू नये, पण आपण नोकरीच्या शोधात नाही असा आवही आणू नये. शेवटी 'आणखी कोणाशी बोलणे उपयोगी ठरेल?' हा प्रश्न रास्त आहे. ठरलेली वेळ संपली की आपणच तसे म्हणावे. त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवाव्यात, आणि काही महिन्यांनी, चर्चिलेल्या कल्पनेचे पुढे काय झाले ते कळवावे. असे कळवणारे उमेदवार फार थोडे असतात आणि जागा निघाली की त्यांचेच नाव आठवते.

एका मुद्द्यावर मात्र कोणतीही सवलत नाही. कंपनीत काम करणाऱ्या मित्राकडून कळलेली, अद्याप जाहीर न झालेली महत्त्वाची माहिती, किंवा आधीच्या मालकाची मॉडेल्स आणि ग्राहकांची कागदपत्रे, मुलाखतीत किंवा कॉलवर कधीही वापरू नयेत, सूचितही करू नयेत. गॅलिअन फंडाचे राज राजरत्नम यांना २०११ मध्ये अंतर्गत माहितीच्या आधारे सौदे केल्याबद्दल ११ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली, आणि त्या खटल्यातील कळीचा पुरावा म्हणजे ध्वनिमुद्रित झालेली फोनवरची संभाषणे होती. एसएसी कॅपिटलने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि एकूण १८० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. प्रभाव पाडण्यासाठी 'मला आतून कळले आहे' असे म्हणणारा उमेदवार कायद्याच्या दृष्टीने समोरच्या व्यक्तीलाही अडचणीत आणतो. ते वाक्य कानावर पडताच संभाषण थांबवून ते फंडाच्या अनुपालन विभागाला (म्हणजे कायदे आणि नियम पाळले जातात हे पाहणाऱ्या विभागाला) कळवणे तिचे कर्तव्य ठरते. आपल्या प्रत्येक आकड्याचा जाहीर स्रोत सांगता येणे ही म्हणूनच तयारीतली पहिली अट समजावी.

उमेदवारानेही फंडाची परीक्षा घ्यावी, हे संकोचामुळे राहून जाते. बोनस व्यवस्थापकाच्या मर्जीने ठरतो की स्वतःच्या कल्पनांच्या नफ्यातून, तोट्याची मर्यादा ओलांडली तर संपूर्ण गटच बरखास्त होतो का, नोकरी सोडल्यावर किती महिने दुसरीकडे काम करता येत नाही, हे प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. अनेक फंडांत नफ्यातील हिस्सा आधीचे उच्चांकी मूल्य ओलांडल्यावरच मिळतो. १०० वरून ८० वर आलेल्या फंडाला तो पुन्हा मिळू लागण्यासाठी आधी २५ टक्के वाढ मिळवावी लागते, आणि तोवर चांगले काम करूनही हाती फारसे काही येत नाही. फंड आज त्या उच्चांकाच्या किती खाली आहे, हा अतिशय सभ्य प्रश्न आहे.

आपणास माझी विनंती अशी आहे की, करिअर पुरवणीत प्रश्नांच्या यादीऐवजी एखाद्या विद्यार्थ्याने केलेला एक पूर्ण पिच तारखेसह छापावा, शेजारी अनुभवी विश्लेषकाने त्यावर विचारलेले प्रश्न द्यावेत, आणि वर्षभराने त्याच जागी त्या कल्पनेचे काय झाले ते बरोबर की चूक याची पर्वा न करता प्रसिद्ध करावे. समभागाच्या शिफारशीचा गैरसमज होऊ नये म्हणून कंपनीचे नाव झाकून जुन्या अहवालांवरही हे करता येईल. अशा उपक्रमासाठी प्रश्न विचारणाऱ्याची भूमिका मी विनामोबदला आणि आनंदाने पार पाडेन.

कळावे.

आपली विश्वासू,
एक वाचक